‘गाडी पेट्रोल खाते’ : एका तक्रारीचे कारकविवेचन

१. विषयप्रवेश

मोटारीचा इंधनखर्च एकाएकी वाढला, म्हणजे मराठी भाषक ती गोष्ट साधारणतः तीन प्रकारांनी सांगतो. ‘गाडी पेट्रोल खायला लागली’, ‘गाडी फार पिते’, अथवा ‘ॲव्हरेज पडलं’. पहिल्या दोन वाक्यांत गाडी ही कर्ता आहे. तिसऱ्या वाक्यात करणारा कोणीच नाही. जे पडले ते आपोआप पडले, अशी त्या वाक्याची घडण आहे. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि बोलणाऱ्याची व्यथाही त्यांतून नीट कळते. परंतु दोष शोधणाऱ्यास त्यांचा उपयोग होतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. प्रस्तुत लेखक लोणावळ्यास राहतो व अध्यापनासाठी जुन्या महामार्गाने कार्ले, कामशेत, वडगाव, देहूरोड ह्या वाटेने पुण्यास येतो. हे अंतर सुमारे ६५ कि.मी. आहे. एका पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, त्याच्या लहान पेट्रोल मोटारीचे लिटरमागे १६ कि.मी. हे नेहमीचे प्रमाण दोन आठवड्यांत १२.५ वर आले. एका गॅरेजात ‘गाडी पेट्रोल खाते’ असे सांगताच तेथे बॉनेट उघडले गेले, आणि इंजेक्टर साफ करणे, चारही प्लग बदलणे व जमल्यास इंजिनाचे काम काढणे असा सल्ला मिळाला. पुढच्याच आठवड्यात कुटुंबासह बोरघाट उतरून मुंबईस जावयाचे होते. खर्च मोठा होता, परंतु त्याहूनही अधिक महत्त्वाचा प्रश्न हा होता, की दोष खरोखर इंजिनात आहे काय? आणि तो तेथे नसेल, तर तो बरोबर घेऊन आपण घाट उतरणार आहोत काय?

संस्कृत वैयाकरणांनी एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. क्रियेत भाग घेणाऱ्यांपैकी कोणास कर्ता म्हणावयाचे, हे पुष्कळदा वस्तुस्थितीवर नव्हे, तर वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. वस्तुतः कापणारा मनुष्य असतो, तरी आपण ‘तलवार चांगली कापते’ म्हणतो. साधन कर्त्याच्या आसनावर बसते आणि खरा कर्ता वाक्याबाहेर राहतो. ‘गाडी पेट्रोल खाते’ हे वाक्य ह्याच जातीचे आहे. ते पूर्ण उलगडले, तर असे काहीसे होईल : अमुक चालक, अमुक रस्त्यावर, अमुक यंत्राच्या साहाय्याने, अमुक इंधन जाळून, अमुक वजन नेतो. ह्या वाक्यातील प्रत्येक पद बदलू शकते आणि प्रत्येक बदलाने खर्च वाढू शकतो. निदान करणे म्हणजे आपण गाळलेली ही पदे एकामागून एक भरून पाहणे होय.

ह्याच्या जोडीस पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम ठेवावा लागतो. पेट्रोल नाहीसे होत नाही. एका लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा साधारण चतुर्थांशच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली ऊर्जा धुराड्याच्या व रेडिएटरच्या वाटेने उष्णता होऊन जाते. खर्च वाढला असेल, तर वाढीव ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे, आणि जेथे गेली तेथे तिने धूर, वास, चढलेली उंची, वाया गेलेला वेळ अथवा तापलेले लोखंड अशी काही खूण ठेविलीच पाहिजे.

२. ‘ॲव्हरेज’ ह्या शब्दाविषयी

प्रथम तक्रारच खरी आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. येथे भाषेचा एक लहानसा अडसर आहे. इंग्रजीत ‘ॲव्हरेज’ म्हणजे कोणतीही सरासरी. मराठीत हा शब्द आला तो मुख्यतः वाहनांच्या संदर्भात, आणि त्याचा अर्थ ‘एका लिटरमध्ये जाणारे अंतर’ एवढाच संकोचला. गुणांची, पावसाची, वयाची ती सरासरी. गाडीचे ते ॲव्हरेज. हा अर्थसंकोच इतका पूर्ण झाला आहे, की ‘काल घाट चढताना ॲव्हरेज आठच मिळालं’ असे एकाच फेरीविषयी बोलताना कोणास काही खटकत नाही. परिणामी ही संख्या मुळात सरासरी आहे, आणि सरासरी काढण्याचेही नियम असतात, ह्याचा विसर पडतो.

समजा, खोपोलीहून लोणावळ्यास येणारे १५ कि.मी. अंतर लिटरमागे ८ कि.मी. ह्या दराने तुटले व उतरताना हाच दर ३० मिळाला. पुष्कळजण दोन संख्यांची बेरीज करून निम्मे करतील व १९ म्हणतील. परंतु चढताना १.८८ लिटर व उतरताना अर्धा लिटर, असे एकूण सुमारे २.३८ लिटर पेट्रोल लागले आणि अंतर झाले ३० कि.मी. म्हणजे खरा दर १२.६ होय. जो मनुष्य १९ ची अपेक्षा धरून बसला आहे, त्यास काही बिघाड नसताही बिघाड दिसेल. युरोपात हेच मोजमाप उलट बाजूने, शंभर किलोमीटरला किती लिटर, असे करतात. त्या पद्धतीत लिटरांची सरळ बेरीज करता येते व ही चूक सहजी होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या गाडीचा दर १६ वरून १२.५ वर आला तो आपल्या पद्धतीने २२ टक्के ‘पडला’. युरोपीय पद्धतीने खर्च ६.२५ लिटरांवरून ८ लिटरांवर गेला, म्हणजे २८ टक्के ‘चढला’. घटना तीच, परंतु पंपावर दिले जाणारे पैसे दुसऱ्या आकड्याप्रमाणे वाढतात.

दुसरी चूक टाकी भरण्यात होते. ‘टाकी फुल’ हे दोन शब्द वाटतात तितके निश्चित नाहीत. पंपाची नळी आपोआप बंद होते त्या क्षणी टाकीत नेमके किती पेट्रोल आहे, हे गाडी उभी असलेल्या जागेचा उतार, भरण्याचा वेग व नळीचा कोन ह्यांवर ठरते. त्यात लिटर-दीड लिटराचा फरक सहज पडू शकतो. १६० कि.मी. चालून १० लिटर भरले, तर दर १६ येतो. परंतु नळी दीड लिटर उशिरा बंद झाली, तर तोच दर १३.९ दिसतो. हाच फरक ४०० कि.मी. चालून २५ लिटर भरताना पडला, तर १६ चे १५.१ होतात. म्हणून एकाच पंपावर, एकाच जागी, टाकी बरीच रिकामी झाल्यावर, निदान तीन वेळा भरून मगच काय तो निष्कर्ष काढावा.

जाहिरातीतील आकड्याशी तुलना करणे मात्र सोडून द्यावे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील प्रमाणपत्रावरील आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगक्रमाने काढलेला असतो. त्याचा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यासाठी आहे. आपल्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या मागील महिन्याशीच झाली पाहिजे.

३. अधिकरण : कोठे व केव्हा

क्रियेचा आधार, म्हणजे स्थळ व काळ, हे पहिले भरावयाचे पद. मावळात राहणाऱ्यांच्या ओठांवर ‘आमच्याकडे घाट ना, ॲव्हरेज पडणारच’ हे स्पष्टीकरण तयार असते. ते कोठे खरे व कोठे खोटे हे हिशेबाने ठरविता येते.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे आणि खोपोली जेमतेम साठेक मीटर. म्हणजे बोरघाटात सुमारे साडेपाचशे मीटर चढावे लागते. माणसांसह १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार एवढी उंच नेण्यास सुमारे ६.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलातून चाकांस साधारण ८ मेगाज्यूल मिळतात असे धरले, तर केवळ ह्या चढणीचे मोल ०.८ लिटर होते. सपाटीवर १५ कि.मी.ना जे ०.९४ लिटर लागले असते, त्यात हे मिळविले, की एकूण १.७५ लिटर व दर ८.६ येतो. घाटात लिटरमागे आठ-नऊ कि.मी. मिळणे हा रोग नव्हे. ते गुरुत्वाकर्षणाचे देणे आहे.

पुण्याच्या दिशेस मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. लोणावळ्यापेक्षा ते केवळ साठ मीटरांनी खाली. घाट चढून आल्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता जवळजवळ सपाटच म्हणावा लागेल. ह्या साठ मीटरांचे मोल ६५ कि.मी.च्या फेरीत १०० मिलिलिटरांहूनही कमी भरते. म्हणून लोणावळा-पुणे ये-जा करणाऱ्याने घाटाकडे बोट दाखविणे हे पत्त्यावरून केलेले निदान होय. रस्त्यावरून केलेले नव्हे.

काळाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या वाहनांची रांग लागते व गाडी तासन् तास जागच्या जागी चालू राहते. लहान मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेविले, तरी तासास साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळते आणि अंतर शून्य असते. शिवाय काचांवर धुके धरू नये म्हणून वातानुकूलन चालू असते. अशा दोन सायंकाळी एका टाकीच्या हिशेबात आल्या, की दर खाली दिसणारच. परंतु हे कारण आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरत नाही. प्रस्तुत लेखकाने फक्त सोमवार ते शुक्रवारच्या फेऱ्यांचा हिशेब काढला, दर १२.५ च राहिला. तेव्हा अधिकरण निर्दोष ठरले.

४. कर्म : काय जळते

दुसरे पद इंधनाचे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण भारतात क्रमाने वाढत गेले व २०२५ साली २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणास इथेनॉल परके नाही. एका लिटर इथेनॉलात सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाइतकीच ऊर्जा असते. त्यावरून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरात ऊर्जा सुमारे ३० मेगाज्यूल भरते. शुद्ध पेट्रोलपेक्षा ७ टक्के कमी, आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी. ही घट खरी आहे आणि तिच्याविषयीचा असंतोष निराधार नाही. परंतु तिचे परिमाण ध्यानात घेतले पाहिजे. जी गोष्ट जास्तीत जास्त १६ चे १५ करील, ती १६ चे १२.५ केल्याचा आरोप अंगावर घेऊ शकत नाही.

निदानातील ही एक मोलाची कसोटी आहे. कारण संभवते एवढ्यावर न थांबता ते कार्याएवढे मोठे आहे काय, हे विचारावे. टायरमधील हवेचे उदाहरण घेऊ. हवा कमी असली, की खर्च वाढतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु चारही टायरांत एका पौंडाने दाब कमी झाला, तर दर सुमारे ०.२ टक्क्याने घटतो, असा अमेरिकेतील ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. म्हणजे सहा पौंड हवा कमी असली, तरी फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. हवा अवश्य भरावी. ओल्या रस्त्यावर पकड राहण्यासाठी व टायर तापू नयेत म्हणून भरावी. परंतु हवा भरून वीस टक्के परत मिळतील अशी आशा धरू नये.

कर्माच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासली पाहिजे : पेट्रोल न जळताच गळत असेल. त्याची खूण वास ही आहे. सकाळी गॅरेजचे दार उघडताच वास आला, तर गाडी सुरू न करता प्रथम नळ्या तपासून घ्याव्यात. येथे प्रश्न खर्चाचा नसून आगीचा असतो.

५. करण : कोणत्या साधनाने

आता यंत्राकडे येऊ. गॅरेजच्या मराठीत इंजिनाच्या दोषांचे वर्णन शरीराच्या भाषेत होते. गाडी ‘ओढत नाही’, ‘दम खाते’, ‘धापा टाकते’, ‘मिसिंग मारते’. ह्या शब्दांकडे तुच्छतेने पाहू नये. ‘ओढत नाही’ व ‘खाते’ ह्या दोन भिन्न तक्रारी आहेत आणि अनुभवी मिस्त्री त्या वेगळ्या ओळखतो. इंजिन नीट जाळत नसेल, तर दोन्ही तक्रारी एकत्र येतात : खर्चही वाढतो व जोरही कमी होतो.

त्याचबरोबर काही शब्द वस्तू गेल्यावरही मागे उरले आहेत. कार्ब्युरेटर होता त्या काळी ‘चोक’ अडकणे, कार्ब्युरेटर ‘ओव्हर’ होणे व ‘ट्यूनिंग’ बिघडणे ही इंधनखर्चाची मुख्य कारणे होती. पेचकसाने हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण कमी-अधिक करता येत असे. आजच्या मोटारींत हे काम संगणक करतो. धुराड्यातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक त्यास मिश्रण दाट झाले की पातळ, हे सतत कळवीत असतो. फिरविण्याचा स्क्रूच राहिला नाही, तरी ‘जरा ट्यूनिंग करून द्या’ ही विनंती टिकून आहे. शब्द टिकतो तेव्हा जुने निदानही त्याबरोबर टिकते. एअर फिल्टर चोंदल्यामुळे पेट्रोल जास्त जाते, ही समजूत त्यांपैकीच एक. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती बरीच खरी होती. परंतु ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत इंजेक्शनच्या गाड्यांचा इंधनदर चोंदलेल्या फिल्टरने लक्षणीयरीत्या बदलला नाही. कमी झाला तो वेग घेण्याचा जोर.

इंजेक्शनच्या गाडीत ह्या पदाखाली तपासण्यासारखी कारणे मुख्यतः चार आहेत. ऑक्सिजनचा संवेदक बिघडला, तर संगणक अंदाजाने दाट मिश्रण देत राहतो. ह्याची घट फार मोठी असू शकते. खूण म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी काळी काजळी आणि बहुधा पेटलेला इंजिनाचा दिवा. थर्मोस्टॅट उघडाच अडकला, तर इंजिन तापतच नाही आणि गाडी नुकतीच सुरू झाली आहे असे समजून संगणक अधिक पेट्रोल सोडतो. खूण म्हणजे अर्ध्या तासानंतरही खालीच राहिलेला तापमानाचा काटा. लोणावळ्याच्या पावसाळी गारठ्यात हा दोष विशेष जाणवतो. प्लग वा कॉइल गेली, तर इंजिन लंगडते व ते हातापायांस जाणवते. क्लच घसरत असेल, तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.

लेखकाच्या गाडीत ह्यांपैकी एकही खूण नव्हती. दिवा पेटला नव्हता, काटा योग्य जागी होता, धूर स्वच्छ होता, इंजिन एकसारखे चालत होते. गाडी ‘खात’ होती, परंतु तिला अजीर्ण झाल्याचे कोणतेच लक्षण दिसत नव्हते. तरीही केवळ वाक्यात ‘गाडी’ हा कर्ता होता म्हणून सर्वांचे लक्ष बॉनेटखाली खिळून राहिले होते.

६. कर्ता : कोण चालवितो

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य असे मानले आहे. मोटारीच्या बाबतीत स्वतंत्र तो चालकच. वेग, गिअर, ब्रेक ह्यांची निवड त्याची. एकाएकी वाढलेल्या खर्चाच्या चौकशीत म्हणून हाही प्रश्न विचारावा : ह्या महिन्यात गाडी दुसऱ्या कोणी चालविली काय? नव्या रस्त्याने, नव्या वेगाने चालविली काय? टपावर सामानाचा सांगाडा बसविला काय?

ह्या पदाखाली घाटातील एका प्रचलित समजुतीचा उल्लेख करणे कर्तव्य वाटते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर पेट्रोल वाचते, असे अनेक चालक आजही मानतात. कार्ब्युरेटरच्या काळी त्यात काही तथ्य असेल. आजच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला, की उतारावर संगणक पेट्रोलचा पुरवठा बहुतांशी बंदच करतो. चाकेच इंजिनास फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे बचत तर नाहीच, उलट इंजिनाचा रोध गेल्याने सर्व भार ब्रेकवर येतो. चढताना साठविलेले ते ६.५ मेगाज्यूल उतरताना उष्णता होऊन बाहेर पडावयाचे असतात. तेवढ्या उष्णतेने २० अंशांवरील सुमारे १९ लिटर पाणी उकळीस येईल. काही वाटा हवा व टायर घेतात. उरलेली उष्णता इंजिन व ब्रेक ह्यांनी वाटून घ्यावी की एकट्या ब्रेकने सोसावी, हे चालक ठरवितो.

७. अन्वय आणि व्यतिरेक

शब्दातील प्रकृतीचा अर्थ कोणता व प्रत्ययाचा कोणता, हे ठरविताना वैयाकरणांनी अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय केला. एक अंश कायम ठेवून दुसरा बदलावा व अर्थात काय बदलते ते पाहावे. आधुनिक ध्वनिविचारातील लघुतम युग्मांची कसोटीही तत्त्वतः हीच. दोन ठिकाणी फरक असणाऱ्या शब्दांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांस शिकवितो.

हे शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकाने स्वतः मात्र पहिल्या आठवड्यात पंप बदलला, हवा भरली व एअर फिल्टरही बदलला. तिन्ही गोष्टी एकाच टाकीत केल्यामुळे कशाचा काय परिणाम झाला, हे कळण्याचा मार्ग बंद झाला. दर थोडासा जरी सुधारला असता, तरी श्रेय कोणास द्यावे हे सांगता आले नसते.

शेवटी कामशेत येथील एका वृद्ध मिस्त्रीस गाडी दाखविली. त्याने बॉनेट उघडले नाही. ‘किती दिवस उभी होती?’ असा त्याचा पहिला प्रश्न होता. गाडी जुलैच्या अखेरीस तीन आठवडे पावसात, हँडब्रेक ओढून उभी होती. नंतर त्याने सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने ढकलून पाहिली. ती जड जात होती. मग दहा कि.मी. चालवून आणून चारही चाकांजवळ हाताची पाठ धरली, आणि मागच्या डाव्या चाकावर तांब्यातले थोडे पाणी शिंपडले. ते चर्रकन उडाले. तो म्हणाला, ‘गाडी खात नाही, साहेब. चाक धरतंय.’

ह्या दोन वाक्यांत त्याने कर्ता बदलला, आणि त्याबरोबर शोधाची जागाही बदलली. हँडब्रेकची तार गंजल्यामुळे पूर्ण मागे येत नव्हती व ब्रेकचे शू ड्रमला घासत राहत होते. हिशेब करून पाहिला. शंभर कि.मी.ना वाढीव १.७५ लिटर, म्हणजे ५६ मेगाज्यूल. त्याचा चतुर्थांश, १४ मेगाज्यूल, चाकापाशी. ताशी ६० कि.मी. वेगाने हे अंतर १०० मिनिटांत तुटते. त्यावरून त्या एका चाकात सुमारे २.३ किलोवॅट उष्णता सतत निर्माण होत होती. न्हाणीघरातील गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत आपण रोज एक चालू गिझर चाकात घेऊन जात होतो. हरविलेल्या पेट्रोलचा हिशेब येथे लागला.

अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढची आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि जुने झाले, की कमी तापमानास उकळते. डॉट-३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. सपाटीवर तापून राहिलेले चाक घेऊन बोरघाटाचा उतार उतरणे म्हणजे ह्याच मर्यादेकडे जाणे होय. इंजिनाचे काम काढून, नवे प्लग घालून आम्ही समाधानाने घाट उतरलो असतो, आणि ज्या एका लक्षणाने धोक्याची सूचना दिली होती, त्याचे ऐकले असे मानूनच उतरलो असतो.

तार बदलली, ड्रम साफ केले, ब्रेकचे तेल नवे भरले. ह्या खेपेस दुसरे काहीही बदलले नाही : तोच रस्ता, तोच पंप, तोच चालक, तेच दिवस. पुढील तीन टाक्यांचे दर १५.७, १६.१ व १५.९ आले. अन्वयही मिळाला व व्यतिरेकही.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य येणेप्रमाणे. इंधनखर्च वाढला असे वाटताच प्रथम तीन टाक्यांचा हिशेब ठेवून वाढ खरी आहे की नाही ते पाहावे. नंतर रस्ता व वेळ, इंधन, यंत्र आणि चालक ही चारही पदे क्रमाने तपासावी. प्रत्येक संभाव्य कारण परिणामाएवढे मोठे आहे काय, आणि त्याची स्वतःची खूण दिसते काय, हे दोन प्रश्न विचारावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि बॉनेट उघडण्यापूर्वी, पाच-दहा कि.मी. चालवून झाल्यावर, चारही चाकांजवळ हाताची पाठ धरून पाहावी; चाकास वा ड्रमला स्पर्श मात्र करू नये. एक चाक इतरांहून स्पष्टपणे अधिक गरम असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत घाट उतरू नये.

गॅरेजात जाताना ‘गाडी पेट्रोल खाते’ असे न म्हणता, ‘अमुक तारखेपासून, अमुक रस्त्यावर, शंभर किलोमीटरला पावणेदोन लिटर जास्त लागते, गाडी त्याआधी तीन आठवडे पावसात उभी होती’ असे सांगितले असते, तर पहिल्या गॅरेजातील मनुष्यानेही कदाचित बॉनेटऐवजी चाकाकडे पाहिले असते. त्यास चुकीच्या दिशेने पाठविणारे वाक्य आमचेच होते. रोगी वैद्यास जे सांगतो, अर्जदार कचेरीत जे लिहितो, त्या वाक्यांतही असाच एखादा कर्ता विवक्षेने बसविलेला असतो. तो तेथे कोणी बसविला, हे पाहण्याची सवय आपल्या विषयाच्या अभ्यासकांस आधीच लागलेली असते. तिचा उपयोग वर्गाबाहेरही करावा, एवढीच सूचना.